पाठीवरचा आकडा कोणाच्या मालकीचा?

भारतीय क्रिकेट संघाच्या भांडारात सांप्रत दोन आकडे कुलूपबंद आहेत : १० आणि ७. पहिला सचिन तेंडुलकर यांच्या पाठीवरचा, दुसरा महेंद्रसिंग धोनी यांच्या. हे आकडे यापुढे कोणा नव्या खेळाडूस मिळावयाचे नाहीत. २०२४ मध्ये हॉकीतही गोलरक्षक श्रीजेश यांचा १६ हा आकडा असाच बाजूला काढण्यात आला. वृत्तपत्रांनी त्यास ‘क्रमांक निवृत्त करणे’ असे भारदस्त नाव दिले आणि बहुतेकांनी टाळ्या वाजविल्या. आम्ही या टाळ्यांत सामील होऊ शकत नाही. या खेळाडूंविषयी आमच्या मनात आदर उणा आहे म्हणून नव्हे, तर ही प्रथा आदराची नाही असे आमचे स्पष्ट मत आहे म्हणून.

प्रकरण कोठून सुरू झाले ते आधी पाहू. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोलंबो येथे श्रीलंकेविरुद्ध शार्दूल ठाकूर हा तरुण गोलंदाज आपला पहिला एकदिवसीय सामना खेळला. हा पालघरचा मुलगा; म्हणजे आमच्या वसईकर वाचकांच्या जिल्ह्याचाच. खेळाच्या सामानाची जड पिशवी खांद्यावर घेऊन पालघरहून मुंबईपर्यंत रेल्वेचा प्रवास करीत त्याने क्रिकेटचे शिक्षण घेतले. त्या दिवशी त्याच्या पाठीवर १० हा आकडा होता. तेंडुलकरांनी आपला शेवटचा एकदिवसीय सामना मार्च २०१२ मध्ये खेळला होता. म्हणजे मध्ये पाच वर्षे उलटून गेली होती. तरीही गहजब झाला. देवाचा आकडा चोरला, लायकी काय, हिंमत कशी झाली, अशी मुक्ताफळे समाजमाध्यमांवर उधळली गेली. शार्दूलने सांगितले की, आपल्या जन्मतारखेची बेरीज दहा येते म्हणून आपण तो घेतला. अंकशास्त्रावर आमचा काडीचाही विश्वास नाही. पण मुलाचे कारण निरागस होते एवढे खरे. पुढे त्याने निमूटपणे ५४ हा आकडा घेतला.

त्यानंतर क्रिकेट नियामक मंडळाने काय केले? ज्याची टवाळी झाली त्या खेळाडूच्या पाठीशी ते उभे राहिले काय? नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मंडळाने १० हा आकडा अनौपचारिकपणे वापरातून काढल्याचे प्रसिद्ध झाले, आणि असा वाद पुन्हा नको हे त्यामागील कारण असल्याचे मंडळाकडूनच सांगण्यात आले. वाचकांनी हे कारण नीट ध्यानात घ्यावे. ज्या निर्णयाला आपण सन्मान म्हणतो त्याचा जन्म भीतीतून झाला आहे. झुंडीने आरडाओरडा केला, मंडळाने मान तुकविली आणि त्या तुकविलेल्या मानेला आदराचे नाव दिले. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. आणि तो सोकावलाच. डिसेंबर २०२३ मध्ये ७ हा आकडा गेला. मे २०२५ मध्ये विराट कोहली कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस इंग्लंडमध्ये भारत ‘अ’ संघाकडून खेळताना मुकेश कुमार याच्या पाठीवर १८ हा आकडा दिसला, तेव्हा तोच गोंधळ पुन्हा उसळला. मुकेश हा बिहारमधील गोपालगंजचा. त्याचे वडील कोलकात्यात टॅक्सी चालवीत. ‘अ’ संघाच्या सामन्यांत आकडे कोणा एकास नेमून दिलेले नसतात, हा खुलासा मंडळाला करावा लागला. पालघरचा मुलगा काय, गोपालगंजचा मुलगा काय, दोघांचा अपराध एकच : मिळालेला सदरा अंगात घालून ते देशासाठी खेळावयास उतरले.

आता मुळात हा आकडा आहे तरी काय? तो जन्मास आला तो ओळखीच्या सोयीसाठी. इंग्लंडमध्ये ऑगस्ट १९२८ मध्ये आर्सेनल आणि चेल्सी या फुटबॉल संघांनी पाठीवर आकडे लावून पाहिले. १९३३ च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात एका संघाने १ ते ११ आणि दुसऱ्याने १२ ते २२ असे आकडे घातले. आकड्यावरून खेळाडूची मैदानातील जागा कळे : १ म्हणजे गोलरक्षक, ९ म्हणजे मधला आक्रमक, १० म्हणजे त्याच्या डाव्या हाताचा साथीदार. आकडा माणसाचे नाव नव्हता. तो कामाचे नाव होता. पेले यांना १९५८ च्या विश्वचषकात १० हा आकडा मिळाला तो त्यांनी मागून घेतलेला नव्हता; वाटपाच्या गोंधळात तो त्यांच्या वाट्यास आला. धोनींनी ७ निवडला तो ७ जुलै या आपल्या जन्मदिनामुळे. तेंडुलकरांनी तर काही काळ ९९ आणि ३३ हे आकडेही वापरले होते. आकड्यात दैवी असे काही नसते. थोरवी मनगटात असते, कष्टात असते; सदऱ्यावर चिकटविलेल्या आकड्यात ती शोधणे म्हणजे बिजागरीला घर समजणे होय.

आणि खेळाडूला कायमचा, एकट्याचा असा क्रमांक हवाच असेल तर क्रिकेटने तो केव्हाच देऊन ठेविला आहे. कसोटीत प्रथम खेळणाऱ्या प्रत्येक भारतीयाला त्याच्या टोपीचा अनुक्रमांक मिळतो. तेंडुलकर हे भारताचे १८७ वे कसोटीपटू, धोनी २५१ वे, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादेत पहिली कसोटी खेळलेला शार्दूल ठाकूर २९४ वा. हे क्रमांक कोणी हिरावून घेऊ शकत नाही आणि ते कोणास दुसऱ्यांदा दिले जात नाहीत. शिवाय ते राखताना मागून येणाऱ्याचे काही कमी होत नाही, कारण पुढची संख्या नेहमी शिल्लकच असते. थोराचा मान राहतो आणि लहानाचा वाटा जात नाही, अशी ही शहाणी व्यवस्था आहे. ती असताना पाठीवरच्या मोजक्या आकड्यांवर हक्क सांगण्याची गरजच कोठे उरते?

हे आकडे खरोखरच मोजके आहेत. क्रिकेटमध्ये पाठीवर दोन अंकांपलीकडे सहसा जाता येत नाही. आपल्या संघातील आणि संघाच्या उंबरठ्यावरील खेळाडूंना सुमारे साठ आकडे दिलेले असून नवागतास तीसच्या आसपास आकड्यांतून निवड करावी लागते, असे मंडळाच्या एका अधिकाऱ्याने २०२३ मध्ये सांगितले होते. ही वाट पुढे कोठे जाते ते पाहावयाचे असेल तर अमेरिकेकडे पाहावे. न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने एकेक थोर खेळाडू गौरविता गौरविता २०१७ पर्यंत १ ते ९ हे सर्व आकडे संपविले. तेथे नव्या मुलास या नवांपैकी एकही आकडा मिळू शकत नाही. जे पूर्वजांना मिळाले ते वंशजांना मिळू नये, हा कोठला न्याय?

आमच्या या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची ती आद्याक्षरे. मालगुजारी १९५० नंतर कायद्याने संपली, तलाव राहिले. आजही त्यांच्या पाण्यावर धान पिकतो, मासळी निघते, गुरे पाणी पितात. ज्याने तलाव बांधला त्याच्या स्मरणार्थ कोणी तलाव आटवून ठेवीत नाही. त्याचे स्मारक म्हणजे दरवर्षी शेतात वाहणारे पाणी. पाणी अडवून धरले तर तलाव कोणाचा आणि कशासाठी, हे दोन पिढ्यांत विसरले जाईल. आकड्याचेही तसेच आहे. तो वापरात असला तरच नातू आजोबांना विचारील की, “बाबा, हा आकडा आधी कोणाचा होता?” कपाटात ठेवलेल्या आकड्याविषयी कोण विचारणार?

याचा रोकडा पुरावा फुटबॉलने दिला आहे. अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेने दिएगो मॅराडोना यांचा १० हा आकडा कायमचा बंद करण्याचे ठरविले होते. २००२ च्या विश्वचषकासाठी आंतरराष्ट्रीय महासंघाने ते मानले नाही; संघाने १ ते २३ हे आकडे सलग वापरलेच पाहिजेत असा नियम होता. तो आकडा ओर्तेगा याच्या पाठीवर गेला आणि पुढे लिओनेल मेस्सी यांच्याकडे आला. १८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये मेस्सींनी विश्वचषक उंचाविला तेव्हा त्यांच्या पाठीवर तोच १० होता, आणि त्या रात्री अर्जेंटिनाच्या रस्त्यांवर लोक दोघांचीही नावे एका श्वासात घेत होते. आकडा बंद झाला असता तर मॅराडोनांचा मान किती वाढला असता? उलट एका महान वारसाच्या पाठीवर जगाला त्यांची आठवण झाली, ती झाली नसती. ब्राझीलनेही पेलेंचा १० बंद केला नाही. तो झिको, रिव्हाल्डो, रोनाल्डिन्हो, नेमार यांच्याकडे गेला, आणि प्रत्येक वेळी पेलेंचे नाव निघाले.

दुसरीकडे इटलीच्या नापोली संघाने २००० मध्ये मॅराडोनांचा १० बंद केला. पुढे संघाचे दिवाळे निघाले आणि २००४ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला. तेथे मैदानात उतरणाऱ्या अकरा जणांनी १ ते ११ हेच आकडे घालावेत असा नियम. तेव्हा बंद केलेला १० मुकाट्याने बाहेर काढावा लागला. पडत्या काळात जो आकडा चालतो तो वैभवाच्या काळात का चालू नये?

या प्रथेचे समर्थक एक गोष्ट आवर्जून सांगतात : थोर खेळाडूचा आकडा नवख्यास दिला तर तुलनेच्या ओझ्याखाली तो दबून जाईल, त्याच्याच भल्यासाठी आकडा बाजूला ठेवावा. युक्तिवाद दयाळूपणाचा वाटतो. पण ज्यास तो आकडा नको असेल त्याने दुसरा घ्यावा, त्यास कोणी अडविले आहे? ज्यास तो हवा आहे, ज्याच्या छातीत ती उमेद आहे, त्यास आम्ही का अडवावे? वडिलांच्या नावाचे ओझे मुलास होईल म्हणून आपण त्यास वडिलांचे नाव लावू देत नाही काय? शार्दूलला तेंडुलकरांच्या थोरवीने दडपले नाही. त्याला दडपले ते प्रेक्षकांच्या असंस्कृतपणाने. तेव्हा औषध प्रेक्षकांस द्यावयास हवे होते, पथ्य मात्र खेळाडूंच्या माथी मारले गेले.

घाईचेही नमुने पाहण्याजोगे आहेत. केरळ ब्लास्टर्स या फुटबॉल संघाने मे २०२० मध्ये संदेश झिंगन याचा २१ हा आकडा बंद केला. तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. त्याच वर्षी तो कोलकात्याच्या संघात गेला. २०२२ मध्ये त्याच्या एका उद्गारावरून वाद झाला, त्याने क्षमाही मागितली. पण केरळच्या क्रीडारसिकांनीच तो आकडा पुन्हा वापरात आणा अशी मागणी केली. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम सिटीने २०२० मध्ये ज्यूड बेलिंगहॅम याचा २२ बंद केला. त्या मुलाचे वय सतरा होते आणि संघाकडून तो जेमतेम ४४ सामने खेळला होता. सतराव्या वर्षी स्मारक! मिलान संघाने २००९ मध्ये पाओलो माल्दिनी यांचा ३ बंद करताना त्यांची मुले संघात आली तर त्यांना तो मिळेल, अशी सवलत ठेविली. याला आपल्याकडे एक जुना शब्द आहे : वतन. पाटीलकीची वतने आपल्या राज्याने १९६२ च्या कायद्याने मोडली, आणि खेळाच्या मैदानावर आम्ही ती पुन्हा आणू पाहतो! त्यातल्या त्यात शहाणा ठरला तो माल्दिनींचा मुलगा डॅनियल. तो मिलानकडून खेळला, पण २७ हा आकडा घालून.

आमच्या हॉकीतील विसंगती तर अधिकच बोलकी आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविल्यावर श्रीजेश निवृत्त झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये वरिष्ठ संघातील १६ बंद झाला. पण कनिष्ठ संघात तो चालू राहील, तेथे श्रीजेश दुसरा श्रीजेश घडवतील आणि तो १६ घालील, असे त्याच वेळी सांगण्यात आले. म्हणजे मुलाने १६ घालून शिकावे, गुरूच्या तोडीचा व्हावे, आणि ज्या दिवशी तो खरोखर गुरूच्या जागी उभा राहील त्या दिवशी गुरूचा आकडा काढून ठेवावा! श्रीजेश यांच्यासारखा गोलरक्षक शतकात क्वचित होतो, यात शंका नाही. म्हणूनच त्यांच्या शिष्याच्या पाठीवर १६ पाहण्याचा आनंद त्यांच्यापासून आणि आपल्यापासून का हिरावून घ्यावा?

एका प्रसंगी मात्र आमचे मन थबकते, आणि ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मैदानावरच मृत्यूने गाठलेल्या खेळाडूंचे काय? नोव्हेंबर २०१४ मध्ये चेंडू लागून ऑस्ट्रेलियाचा फिलिप ह्यूज पंचविसाव्या वर्षी गेला. त्याच्या मंडळाने ६४ हा आकडा बंद केला. कॅमेरूनचा फो जून २००३ मध्ये खेळता खेळता कोसळला. मँचेस्टर सिटीने त्याचा २३ बाजूला ठेविला. शोक करणाऱ्या घराशी वाद घालू नये. तेथे आकडा हे कर्तृत्वाचे बक्षीस नसून रिकाम्या खुर्चीसारखी दुःखाची खूण असते. परंतु घराघरांतून पाहावे, रिकामी खुर्ची कायम रिकामी राहत नाही. एखाद्या दिवशी नातवंड तिच्यावर चढून बसते, आणि आजीला रडू येते तसेच हसूही येते.

आणखी एक उदाहरण अमेरिकेतील जॅकी रॉबिन्सन यांचे. १९४७ मध्ये मोठ्या बेसबॉल संघांतील वर्णभेदाची भिंत या कृष्णवर्णीय खेळाडूने फोडली. १९९७ मध्ये त्यांचा ४२ हा आकडा सर्व संघांतून एकदम बंद करण्यात आला. पण त्याहून सुंदर गोष्ट पुढे घडली. आता दरवर्षी १५ एप्रिल या दिवशी प्रत्येक संघातील प्रत्येक खेळाडू ४२ हाच आकडा घालून मैदानात उतरतो. गोरा, काळा, परदेशी, नवखा, सर्वांच्या पाठीवर एकच आकडा. कपाटातील ४२ कोणाच्या लक्षात राहिला असता? सर्वांच्या पाठीवरचा ४२ पाहून मात्र लहान मूल विचारतेच.

आम्हा ख्रिस्ती कुटुंबांना हे वेगळे सांगावयास नको. स्नानसंस्काराच्या वेळी आम्ही बालकास संतांचे नाव देतो. फ्रान्सिस, तेरेजा, अंतोन ही नावे एवढ्या थोर माणसांची आहेत म्हणून ती बंद करावीत असे कोणास सुचले नाही. उलट ती रांगत्या मुलांस दिली गेली. मे २०२५ मध्ये नव्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले. ते त्या नावाचे चौदावे आहेत. श्रमिकांच्या हक्कांसाठी १८९१ मध्ये विश्वपत्र लिहिणाऱ्या तेराव्या लिओंचे स्मरण त्यांनी ते नाव धारण करूनच केले. कोणी म्हणेल, पेत्र हे नाव मात्र पुढे एकाही पोपनी घेतले नाही. खरे आहे, परंतु तो कोणी घातलेला निर्बंध नव्हे, प्रत्येकाने आपखुशीने पाळलेला विनय आहे. विनय आणि बंदी यांत हाच भेद आहे. तेंडुलकरांविषयीच्या आदराने एखाद्या खेळाडूने आपणहून १० नाकारला तर आम्ही त्यास नमस्कार करू. मंडळाने तो सर्वांना नाकारावा, हे मात्र मान्य नाही.

हा प्रश्न मुंबईच्या मंडळाचा, आम्हास त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी महाशिवरात्रीची जत्रा भरते. अशा जत्रांच्या दुकानांत आजकाल ७, १० आणि १८ या आकड्यांचे सदरे टांगलेले असतात आणि आमच्या खेड्यांतील मुले हट्टाने ते घेतात. धान कापून झाल्यावर बांधीत सामने रंगतात. चेंडू टाकणाऱ्याच्या पाठीवर १० आणि मारणाऱ्याच्याही पाठीवर १०! तेथे कोणी कोणास चोर म्हणत नाही. गावच्या मंडळाचे सदरे वर्गणीतून येतात. थोरला भाऊ कामासाठी परगावी गेला की त्याचा सदरा धाकट्याच्या अंगात जातो, बाह्या थोड्या लांब पडतात इतकेच. मोठ्यांचे पाहून उद्या हीही मंडळे आकडे बंद करू लागली, तर आमच्या मुलांच्या हाती आधीच जे थोडे आहे त्यातूनही वजाबाकी होईल. त्याच मार्कंड्याच्या देवळांवर शेकडो मूर्ती कोरलेल्या आहेत. ते कारागीर आपली नावे मागे न ठेवता गेले. पण त्यांची छिन्नी त्यांनी कोणाच्या तरी हाती दिलीच असेल, एरवी एवढे काम उभेच राहिले नसते.

खेळाडूचा खरा मान कशात असतो, हे महाराष्ट्राने एकदा जगाला दाखविले आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले तेव्हा प्रवासाला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर कितीतरी वर्षांनी. गेलेल्या खेळाडूचा आकडा बंद करावयास एक पैसाही लागत नाही. येणाऱ्या खेळाडूसाठी घर गहाण टाकावे लागते. म्हणूनच पहिले सोपे आहे आणि दुसरे थोर आहे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. मंडळाने १० आणि ७ हे आकडे कपाटातून बाहेर काढावेत. ते कोणावर लादू नयेत. जो मागेल आणि ज्याची योग्यता दिसेल, त्यास ते समारंभपूर्वक द्यावेत, आणि शक्य तोवर ते देणारा हात पूर्वीच्या धारकाचाच असावा. तेंडुलकरांनी स्वतः एखाद्या मुलाच्या हाती तो सदरा ठेविला तर कोणाची टवाळी करण्याची हिंमत होईल? आणि वाचकहो, तोपर्यंत आपण आपल्या घरात एवढे करू या : दूरदर्शन संचासमोर बसलेला मुलगा एखाद्या नवख्या खेळाडूस “तुझी लायकी काय?” असे म्हणाला, तर त्यास तेथल्या तेथे थांबवू या. ती लायकी सिद्ध करण्यासाठीच तो मैदानात उतरलेला असतो.